धंदा टाकल्याने गरिबी हटते का? मोलगीच्या ताईंचा प्रश्न आणि १०,००० पाकिटांचा हिशोब



गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी मोलगीला बचत गटाच्या महिलांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण घेतलं. मी नेहमीप्रमाणे फळ्यावर मोठमोठे आकडे लिहिले. देशात ६ कोटींपेक्षा जास्त लघुउद्योग, त्यात ११ कोटींच्या आसपास लोकांना काम, देशाच्या उत्पन्नात जवळपास ३० टक्के वाटा. मग जोशात म्हणालो, "म्हणजे बघा, देशाचा विकास तुमच्या हातात आहे!"

टाळ्या झाल्या. मागच्या ओळीतल्या एक ताई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. चहाच्या वेळी जवळ आल्या आणि अर्धं मराठीत, अर्धं त्यांच्या बोलीत विचारलं, "भाऊ, हा धंदा केला तर यंदा माझी पोरगी शाळेत राहील का? का दिवाळीनंतर आमच्याबरोबर ऊस तोडायला न्यावी लागेल?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. बीबीए केलंय, दहा वर्षं दुकान चालवतोय, पण हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आजचा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. थोडा लांब आहे, त्यात हिशोबही आहे. वही-पेन घेऊन बसा.

आधी मोठे आकडे नीट समजून घेऊ

मी फळ्यावर लिहिलेले आकडे खोटे नव्हते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशात सुमारे ६ कोटी ३४ लाख सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मोजले गेले. त्यात शेतीची कामं धरलेली नाहीत. एकट्या महाराष्ट्रात हे उद्योग जवळपास ४८ लाख होते. आता गंमत बघा. या ६ कोटी ३४ लाखांपैकी ९९ टक्के 'सूक्ष्म' होते. म्हणजे तुमची-माझी दुकानं, शिलाई मशीन, पिठाची गिरणी, वडापावची गाडी. आणि ११ कोटी कामगार ६ कोटी ३४ लाख उद्योगांत वाटले तर एका उद्योगाला दोन माणसंही येत नाहीत.

याचा अर्थ काय? आपल्याकडचे बहुतेक धंदे म्हणजे मालक स्वतः आणि फार तर घरातलं एखादं माणूस. हे धंदे कुटुंबाला जगवतात, आणि ते काही कमी नाही. पण अशा धंद्यातून शेजाऱ्याच्या घरात चूल पेटेलच असं नाही.

थॉर्स्टन बेक, अस्ली देमिर्गुच-कुंट आणि रॉस लेव्हिन या तीन अर्थतज्ज्ञांनी २००५ मध्ये ४५ देशांची आकडेवारी घेऊन नेमकं हेच तपासलं. ज्या देशांत लघु-मध्यम उद्योगांचा वाटा मोठा, तिथे वाढीचा वेगही जास्त दिसला. पण लघुउद्योगांमुळेच वाढ झाली, असं त्यांना ठामपणे सांगता आलं नाही. आणि गरिबी कमी झाल्याचा पुरावा तर मिळालाच नाही.

मी स्वतः प्रशिक्षक आहे, हे वाचून मलाच धक्का बसला. पण विचार केला तर पटतं. नुसती दुकानांची संख्या वाढली म्हणून गरिबी कमी होत नाही. एकाच गल्लीत पाचवं किराणा दुकान उघडलं तर गिऱ्हाईक वाढत नाही, तेच गिऱ्हाईक पाच जणांत वाटलं जातं. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारायचा. कोणत्या प्रकारचा छोटा धंदा गरिबी कमी करतो?

आपला जिल्हा, आपली गोष्ट

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला. सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे आपलं धडगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि त्यातले जवळपास ६९ टक्के आदिवासी. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्राचे चार जिल्हे होते आणि आपण त्यातले एक.

२०२१ मध्ये नीती आयोगाने बहुआयामी गरिबीचा पहिला अहवाल काढला. त्यात २०१५-१६ च्या पाहणीवरून नंदुरबारमधले ५२ टक्के लोक गरीब धरले होते. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त. राज्याची सरासरी तेव्हा १५ टक्क्यांच्या आत होती.

आता महत्त्वाचं ऐका. ही गरिबी फक्त खिशातल्या पैशांवर मोजलेली नाही. पोषण, मुलांची शाळा, स्वयंपाकाचं इंधन, पाणी, घर, बँक खातं असे १२ निकष त्यात आहेत. मूल शाळेत जातं का, हा त्यातला एक. म्हणजे मोलगीच्या त्या ताईंनी चहा पिता पिता जो प्रश्न विचारला, तोच नीती आयोगही विचारतोय.

दिवाळी झाली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात. पण जायचं की नाही हे दिवाळीला ठरत नाही, ते पावसाळ्यातच ठरतं. घरात दाणा संपलेला असतो, कुणी आजारी पडतं, मुकादम येतो आणि उचल देतो. एकदा उचल घेतली की जावंच लागतं. लहान मुलं मागे कुणाकडे ठेवायची? मग तीही जातात.

तुमच्या धंद्याची स्पर्धा या उचलीशी आहे. उचल कामाच्या आधी हातात पडते. धंद्याचा नफा कामानंतर येतो, आणि माल उधारीवर गेला असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. जिला आज पीठ आणायचंय, ती 'पुढे नफा होईल' या भरवशावर थांबू शकत नाही. चूक तिची नसते. चूक आपण मांडलेल्या हिशोबाची असते.

चला, आमचूरचा हिशोब करू

अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांत आंब्याची झाडं भरपूर. एप्रिल-मे मध्ये घराघरांत कैऱ्या सोलायच्या, चिरायच्या, वाळवायच्या आणि मोलगी-धडगावच्या बाजारात व्यापाऱ्याला द्यायच्या हे काम चालतं. जून आला की बियाण्याला पैसा लागतो, म्हणून बहुतेक जण माल लगेच विकून टाकतात. पुढे तो कुठे दळला जातो, कुणाच्या पाकिटात भरला जातो, हे चिरणारीला माहीत नसतं.

समजा गटाने हे पुढचं काम स्वतः केलं. खालचे दर मी समजण्यासाठी गोल आकड्यांत घेतलेत. तुमच्या बाजाराचे दर तुम्ही घाला. कर यात धरलेला नाही.

१० किलो आमचूर पावडर, १०० ग्रॅमची १०० पाकिटं, पाकिटावर किंमत ४५ रुपये:

- एकूण विक्री: ४,५०० रुपये
- दुकानदाराचं कमिशन २० टक्के: ९०० रुपये
- गटाच्या हातात: ३,६०० रुपये
- वाळलेल्या फोडी साडेदहा किलो, २०० रुपये दराने (अर्धा किलो निवडण्यात आणि दळण्यात जातो): २,१०० रुपये
- दळण: १५० रुपये
- पाकिटं आणि लेबल, ४ रुपयांप्रमाणे: ४०० रुपये
- वाहतूक आणि किरकोळ: १५० रुपये
- एकूण खर्च: २,८०० रुपये
- शिल्लक: ८०० रुपये

इथे नव्वद टक्के लोक थांबतात आणि म्हणतात, "८०० नफा!" थांबा. निवडणं, गिरणीवर नेणं, वजन करून भरणं, सील करणं, लेबल लावणं या कामाला दोन जणींचा पूर्ण दिवस गेला. त्यांची मजुरी ३०० प्रमाणे ६०० रुपये. म्हणजे खरा नफा २०० रुपये. त्यातूनच खराब माल, न खपलेली पाकिटं आणि कर्जाचा हप्ता निघायचा.

२०० बघून निराश होऊ नका. आता दुसऱ्या बाजूने बघा. फोडी तशाच विकल्या असत्या तर गावात २,१०० रुपये आले असते. पाकीट करून विकल्यावर गावात राहिले २,१०० फोडींचे, ६०० मजुरीचे, १५० गावातल्या गिरणीचे आणि २०० गटाचे. एकूण ३,०५०. तोच आंबा, त्याच झाडाचा, पण दर १० किलोमागे ९५० रुपये जास्त गावात थांबले. शिवाय दुकान आपल्याच तालुक्यातलं असेल तर त्याचे ९०० ही जवळच राहिले. ४०० पाकिटांचे गेले, ते माझ्यासारख्याच्या दुकानात. तेही जिल्ह्यातच!

छोटा धंदा गरिबी कमी करतो तो असा. रुपया गावाबाहेर जाण्याआधी आणखी दोन-तीन हातांतून फिरतो. मालकाच्या नफ्यापेक्षा इथे मजुरीचा आकडा तिप्पट आहे, हे लक्षात ठेवा.

मग पोरगी शाळेत राहील का?

आता ताईंच्या प्रश्नाला या हिशोबात घालू. दिवाळीपासून होळीपर्यंत गावात १०० दिवस काम मिळालं तर दोन बायकांना थांबता येईल. रोज १० किलो, म्हणजे १०० पाकिटं. १०० दिवसांत १०,००० पाकिटं. प्रत्येकीला मजुरी ३०,००० रुपये आणि गटाला २०,००० रुपये नफा.

१०,००० पाकिटं! हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीत शांतता पसरली. ४० दुकानांत माल ठेवला तरी प्रत्येक दुकानात अडीचशे पाकिटं खपली पाहिजेत. आमचूर काही मीठ-मिरची नाही, रोज लागत नाही. त्यामुळे मी त्यांना सरळ सांगितलं: पहिल्या वर्षी एवढं होणार नाही. एकट्या आमचूरवर तर नाहीच. त्याच्या जोडीला भगर, मिरची पावडर, तूरडाळ असं काहीतरी हवं. आपल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, नंदुरबारची मिरची गावोगावी माहीत आहे. आपल्याकडे मालाला तोटा नाही. तोटा आहे तो खेळत्या भांडवलाचा.

कसा ते बघा. १०० किलोची एक फेरी, म्हणजे दहा दिवसांचं काम. फोडी, दळण, पाकिटं, वाहतूक मिळून २८,००० आणि मजुरी ६,०००, एकूण ३४,००० रुपये घालावे लागतात.

- दुकानदार दहा दिवसांत पैसे देत असेल, तर साधारण ३४,००० वर गाडी चालते. पहिल्या फेरीच्या पैशातून दुसरी फेरी.
- दुकानदार तीस दिवसांनी देत असेल, तर पहिला रुपया येण्याआधी तीन फेऱ्या घालाव्या लागतात. म्हणजे १,०२,००० रुपये.

धंदा तोच, नफा तोच. फक्त वीस दिवसांची उधारी वाढली आणि भांडवल तिप्पट लागलं. बचत गट इथेच अडकतात. माल खपतो, पण पैसे दुकानात अडकतात, मजुरी थांबते, आणि पुढच्या पावसाळ्यात बायका पुन्हा उचल घेतात.

माझ्या दुकानातून काय दिसतं

माझं नंदुरबारला पॅकिंगच्या सामानाचं दुकान आहे. पाकिटं, सीलिंग मशीन, वजनकाटे, लेबल. दर महिन्याला कुणीतरी नवीन येतं, उत्साहात पाकिटांचा पहिला बंडल घेऊन जातं. मी त्यांना शुभेच्छा देतो, पण मनात वाट बघतो ती दुसऱ्या बंडलची. बरेच जण दुसरा बंडल घ्यायला येतच नाहीत.

जे येतात त्यांच्यात मला तीन गोष्टी सारख्या दिसल्या. एक, ते घरखर्च आणि धंद्याचे पैसे वेगळे ठेवतात, भले दोन डबे का असेनात. दोन, ते रोख किंवा आठवड्याच्या वायद्यावर माल देतात, कमी दुकानांत देतात पण वसूल करतात. तीन, ते स्वतःची मजुरी खर्चात धरतात.

आणि हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालेलं नाही. सुरुवातीच्या दोन वर्षांत मी ओळखीवर उधारी देत गेलो. वहीत येणं दिसायचं, गल्ल्यात काही नसायचं. दुकानात कामाला असलेल्या पोराचा पगार एकदा दीड महिना थकला. तो काही बोलला नाही. एक दिवस यायचा बंद झाला. नंतर कळलं, सुरतला निघून गेला. माझ्या उधारीमुळे त्या घराचं काय झालं असेल, हे मी आजही विसरलो नाही. तेव्हापासून दुकानात नियम केला: महिन्याच्या १ तारखेला आधी पगार, मग व्यापाऱ्याचं बिल, मग माझं घर.

पथारी आणि पोल्ट्री: दोन धडे

नंदुरबारच्या आसपास हंगामात मिरचीच्या पथाऱ्या तुम्ही पाहिल्याच असतील. मैलभर लाल रंग. ओली मिरची घ्यायची, पसरायची, उलटायची, देठ काढायचे, वाळवून पुढे पाठवायची. मोठं यंत्र नाही, पण हात भरपूर लागतात आणि त्यातले बरेच हात बायकांचे. गरिबी कमी करणारा धंदा कसा असतो, याचं हे चालतं-बोलतं उदाहरण. पण अवकाळी पाऊस एक रात्र पडला की माल काळा पडतो आणि दुसऱ्या दिवसाची मजुरीही जाते.

दुसरं उदाहरण नवापूरचं. तिथल्या पोल्ट्रीने किती घरांना काम दिलं, हे तिथल्या माणसाला विचारा. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला. लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हळूहळू धंदा पुन्हा उभा राहिला आणि २०२१ मध्ये तेच संकट परत आलं.

धडा हा की छोटा धंदा गरिबाला वर ओढतो तसा खालीही नेऊ शकतो, कारण त्याच्या मागे गादी नसते. म्हणून एकाच मालावर, एकाच गिऱ्हाइकावर, एकाच हंगामावर सगळं लावू नका. आणि नफ्यातला थोडा भाग वाईट दिवसांसाठी बाजूला ठेवा. तो खर्च समजा, शिल्लक समजू नका.

कर्ज घ्यायचं का?

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात येतो. हैदराबादमध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूक्ष्म कर्जाचा मोठा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की कर्ज मिळाल्याने सरासरी कुटुंबाचं राहणीमान फारसं बदललं नाही. ज्यांचा धंदा आधीपासून चालू होता, त्यांच्यातल्या काहींनाच नफ्यात खरा फायदा झाला. म्हणजे चालणारा धंदा कर्जाने जोरात पळू शकतो, पण उभा न राहिलेला धंदा कर्जाने चालायला लागेल याची खात्री नाही.

म्हणून माझा क्रम असा:

१. आधी घरच्या पैशात, १० किलोपासून सुरुवात. शंभर पाकिटं विका. पैसे किती दिवसांत आले ते लिहा.

२. 'उद्यम' नोंदणी करा. ती ऑनलाइन आहे आणि मोफत आहे. यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

३. खाण्याचा पदार्थ असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी घ्या. पाकिटावर नाव, पत्ता, वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरायचं आणि नोंदणी क्रमांक छापा. याशिवाय मोठा दुकानदार माल ठेवत नाही.

४. दोन-तीन महिन्यांची वही तयार झाली की मगच बँकेत जा. मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं. वरच्या हिशोबात दहा दिवसांच्या वायद्यावर ३४,००० लागत होते. म्हणजे वसुली चांगली असेल तर एवढ्यात काम होतं.

५. मशीन किंवा मोठं युनिट टाकायचं असेल तर पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिला आणि आदिवासी उद्योजकांना प्रकल्पाच्या ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अन्नप्रक्रियेसाठी केंद्राची वेगळी योजना २०२० पासून आहे, त्यातही ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. योजनांची मुदत आणि नियम बदलत असतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात किंवा कृषी कार्यालयात स्वतः जाऊन आजची स्थिती विचारा. गटात असाल तर 'उमेद'च्या तालुका कार्यालयातही जा.

एक विनंती. अनुदानासाठी धंदा करू नका. अनुदान संपतं, हप्ता संपत नाही.

पुढे काय झालं?

मोलगीच्या गटाने सुरुवात केली. थोडा माल त्यांच्याकडे होता, बाकीचा बाजारातून घेतला. पहिल्याच महिन्यात सुमारे दोनशे पाकिटं परत आली. फोडी पुरत्या वाळलेल्या नव्हत्या, पावडरच्या गुठळ्या झाल्या होत्या. नुकसान गटाने सोसलं. मग ठरवलं की फोड हाताने मोडल्यावर 'कट्' आवाज आला तरच ती दळायला न्यायची.

होळीपर्यंत १०,००० पाकिटं झाली नाहीत. साडेतीन हजारांच्या आसपास झाली. हिशोब करा: ३५ दिवसांचं काम, दोघींना मिळून २१,००० रुपये मजुरी. भगर निवडून भरण्याचं काम त्याला जोडलं, त्यातून आणखी काही दिवस निघाले. गटाने एक नियम मात्र पाळला: विक्री होवो न होवो, मजुरी दर बाजाराच्या दिवशी रोख.

त्या वर्षी त्या ताई गावात थांबल्या. नवरा ऊसतोडीला गेला, भावाबरोबर. पोरगी शाळेत राहिली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या दुसऱ्या ताईंना मात्र थांबता आलं नाही. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची होती, त्या जानेवारीत निघाल्या, मुलाला घेऊन.

म्हणजे निकाल अर्धा. मी याला यशोगाथा म्हणणार नाही. पण त्या अर्ध्या निकालातून मला माझ्या फळ्यावरच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त कळलं. यंदा गटाने मे महिन्यात सगळा माल विकला नाही, काही पोती राखून ठेवली. आणि पावसाळ्यात सभासदांना द्यायला गटातच एक छोटा निधी काढलाय, म्हणजे मुकादमाकडे जायची वेळ कमी जणींवर येईल. किती जमतं ते होळीनंतर कळवेन.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम

तुमचा धंदा चालू असो की डोक्यात असो, एक पान घ्या आणि चार ओळी लिहा:

- माझ्या १०० रुपयांच्या विक्रीतले किती रुपये माझ्या गावात किंवा तालुक्यात राहतात?
- मी स्वतःची आणि घरच्यांची मजुरी खर्चात धरली आहे का?
- गिऱ्हाइकाचे पैसे माझ्याकडे किती दिवसांत येतात?
- माझ्याशिवाय आणखी एका माणसाला दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी मजुरी द्यायची, तर मला महिन्याला किती विक्री लागेल?

चौथ्या ओळीचा आकडा काढाच. मोठा वाटेल, घाबरायला होईल. मोलगीला १०,००० बघून आम्हीही गप्प झालो होतो. पण आकडा कळला की निदान किती लांब जायचंय ते कळतं, आणि रोज किती चालायचं ते ठरवता येतं.

पाकिटांचा दुसरा बंडल घ्यायला या. पहिल्यापेक्षा मला त्याचा जास्त आनंद होतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय: दुकानदाराकडून उधारी वसूल करताना नातं कसं टिकवायचं.